मान हलवली तेव्हा

तोंडात बुंदी होती. दातांच्या फटींत, जिभेखाली, टाळूला चिकटलेली. यशोधरा भिंगारदिवे ती चावत होती आणि चावता चावता जग तुकड्यातुकड्यांनी परत येत होतं. आधी लाऊडस्पीकरची खरखर. मग मैदानावरचं ऊन, मग फक्कीची पांढरी रेघ, मग चेहरे. चेहरे खूप होते आणि सगळे तिच्याकडे बघत होते. उजव्या हातात फाटलेली कागदी पुडी होती, पाकानं बोटं एकमेकांना चिकटली होती. आपण गुडघ्यांवर बसलो आहोत आणि नव्या साडीचा पदर मातीत पडला आहे, हे तिला दिसलं. समोर एक मुलगी पाय पसरून खाली बसली होती. एका हातानं तिनं दुसऱ्या हाताचं मनगट धरलं होतं आणि बोटांच्या फटीतून थोडं रक्त येत होतं. फुटलेल्या काचेच्या बांगडीचे हिरवे तुकडे मातीत होते. सातवी ब, खिडकीकडची रांग, दुसरा बाक. मोनिका. हे सगळं यशोधराला आठवलं, अगदी स्वच्छ आठवलं. तेवढ्यात मुख्याध्यापक वाबळे सर वाकले. त्यांच्या मागे प्रमुख पाहुणे अर्धवट उभे राहिले होते. सर फार मोठ्यानं बोलले नाहीत, पण पुढच्या चार रांगांना ऐकू जाईल असं बोलले. "ही परत रांगेत घुसली होती ना, मॅडम? दुसरी पुडी घेतली ना हिनं?"

यशोधरानं मान हलवली. हो म्हणून.

लगेच सगळं सुरळीत झालं. हवेत ताणलेलं काहीतरी सैल पडलं. पाहुणे खाली बसले. कुणीतरी म्हणालं, मॅडमचा उपवास असेल, उन्हात धावल्या, चक्कर आली. दुसऱ्या कुणीतरी पाणी आणलं. शाळेच्या शिपाई मालनबाई तिला दंडाला धरून शिक्षकखोलीकडे घेऊन निघाल्या. मागे वाबळे सरांचा आवाज ऐकू येत होता, प्रजासत्ताक दिनाला तरी थोडी लाज ठेवा, एकदा मिळालं की परत हात पसरायचा नाही. मोनिका काय म्हणत होती ते ऐकू आलं नाही. तिचे ओठ मात्र हलत होते. ते यशोधरानं पाहिलं होतं, आणि पाहून तोंडातला घास गिळला होता.

दुपारी सावेडीतल्या आपल्या दोन खोल्यांत ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. महेंद्रनं, तिच्या नवऱ्यानं, चहा केला, बिनसाखरेचा, आणि खुर्ची ओढून जवळ बसला. तो टेलिफोन खात्यात होता. लोकांच्या तक्रारी दिवसभर ऐकून घ्यायची त्याला सवय होती. त्याला तिनं सगळं सांगितलं, एक सोडून. मान हलवल्याचं सांगितलं नाही. तो म्हणाला, "पिशवीत साखर होती ना?"

"पिशवी कपाटात होती. धावायचं होतं म्हणून कुलपात ठेवली."

"आणि धावायला नाही म्हणता आलं नसतं?"

नाही म्हणता आलं असतं. पण का, असं कुणीतरी विचारलं असतं. शिक्षिकांची धावण्याची शर्यत म्हणजे हसण्याखिदळण्याचा कार्यक्रम, त्यात एकोणतीस वर्षांची सडपातळ बाई नाही म्हणते म्हणजे काही तरी असणार, असं त्यांच्या डोळ्यांत आलं असतं. दहा वर्षं ती असे डोळे टाळत आली होती. बारावी होऊन पुढच्या शिक्षणाला नगरला आली तेव्हा आजार निघाला. तहान, तहान, आणि अंगावरचं मांस उतरत गेलेलं. तेव्हापासून रोज सकाळी आणि संध्याकाळी सुई. लग्नाआधी महेंद्रला सांगितलं होतं, आणि त्यानं ते ऐकून घेऊन तिच्याशीच लग्न केलं होतं, पण त्याच्या घरी दोघांनी मिळून लपवलं. शाळेत तर लपवायलाच हवं होतं. ती अजून कायम झाली नव्हती. शिवाय शाळेत ती विज्ञान शिकवायची. स्वादुपिंडाचा पाठ आला की फळ्यावर पेशीचं चित्र काढून म्हणायची, इन्सुलिन म्हणजे किल्ली, ती लागली की पेशीचं दार उघडतं आणि रक्तातली साखर आत जाते. मुली वहीत किल्ली काढायच्या. आपल्या साडीच्या आत, मांडीवर, सकाळच्या सुईची ठिणगी अजून चुरचुरते आहे, हे तिला एकटीला माहीत असायचं. दंडाला टोचलं तर पोलक्याच्या बाहीखाली डाग दिसतात, म्हणून ती मांडीलाच टोचायची.

आणि तिथंच चुकलं होतं. काय चुकलं ते तिला पडल्या पडल्या पुस्तकासारखं दिसत होतं. पळायला लागलेला स्नायू किल्लीची वाट बघत नाही. तो स्वतःच आतून दार उघडतो आणि रक्तातली साखर ओढून घेतो, आणि पळणं थांबल्यावरही कितीतरी वेळ ओढत राहतो, रिकामी झालेली कोठारं भरायला. धडधाकट माणसाचं शरीर हे ओळखतं. पाय उचलले की स्वादुपिंड आपला हात आखडता घेतं, इन्सुलिन कमी सोडतं, आणि मग यकृताला मोकळीक मिळून ते साठवलेली साखर रक्तात सोडतं. तिच्या शरीरात हात आखडता घेणारं कुणी नव्हतं. सकाळी सहाला टोचलेलं औषध आत होतं आणि त्याला थांब म्हणता येत नव्हतं. उलट ते मांडीत होतं, त्याच मांडीत, जी धावत होती. तिथलं रक्त उसळलं आणि औषध नेहमीपेक्षा लवकर अंगभर पसरलं. यकृत दाबून धरलेलं, स्नायू साखर ओढताहेत, आणि सकाळी झेंड्याला उशीर होईल म्हणून तिनं अर्धीच पोळी खाल्लेली. मेंदूला साखरेशिवाय दुसरं काही चालत नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी हे सगळं तिला एकदा समजावलं होतं. धावणार असाल तर आधी खा, आणि त्या दिवशी पायाला टोचू नका. ती हसून हो म्हणाली होती, कारण आपण पुन्हा कधी धावू असं तिला वाटलंच नव्हतं.

पण ती धावली होती. शिट्टी वाजली आणि पहिल्या दहा पावलांतच तिला कळलं की पायांना आठवतंय. जामखेडच्या अलीकडची काळी, भेगाळलेली वाट, हातात चपला, पाठीवर दप्तर, आणि पुढे धावणारी आपलीच सावली. शाळेत असताना ती तालुक्यात पहिली आली होती. आजार निघाल्यावर शरीर म्हणजे मोजून-मापून सांभाळायचं एक ओझं झालं होतं. तेच त्या सकाळी एकदम तिचं झालं, वाऱ्यात उघडं पडलं. बाकीच्या मॅडम हसत, निऱ्या सावरत मागे राहिल्या आणि ती एकटीच रेघ ओलांडून कितीतरी पुढं गेली. पोरी ओरडत होत्या, भिंगारदिवे बाई, भिंगारदिवे बाई. मग ती पहिल्या रांगेत बसली, घाम पुसत. भाषण सुरू झालं. घाम थांबेना, आणि तो थंड होता. हात कापायला लागले. तेव्हा तिला कळलं होतं. उठून शिक्षकखोलीत जायचं, पिशवी काढायची, साखर तोंडात टाकायची, एवढंच होतं. पण आत्ताच पहिली आलेली, सगळ्यांचे डोळे असलेली, पाहुण्यांच्या समोरून उठून कशी जाणार. भाषण संपलं की जाऊ. पुढचं तिला आठवत नव्हतं. तिथं एक भोक होतं, आणि भोकाच्या पलीकडे बुंदी.

"लोक विसरतील," महेंद्र म्हणाला. "चक्कर आली म्हणतायत ना, मग तसंच असू दे. जूनमध्ये कायम झालीस की बघू."

शुक्रवारी ती शाळेत गेली नाही. शनिवारी दुपारी मालनबाई तिला बघायला आल्या. दारातच चपला काढून, पदरानं तोंड पुसून खाली बसल्या. खुर्चीवर बसा म्हटलं तर नको म्हणाल्या. "बरं वाटतंय का, मॅडम? काय मनाला लावून घेऊ नगा. म्या सगळ्यास्नी सांगितलंय, निरंकार उपास हुता मॅडमला. कुनी काय बोलंना."

यशोधरा म्हणाली, "मी उपास करत नाही, मालनबाई."

"त्ये ठावं हाय मला. पर उपास म्हनलं की मानूस गप बसतंय." मालनबाईंनी तिच्याकडं क्षणभर पाहिलं. त्या पाहण्यात काही वाईट नव्हतं. "तुमी तर लई जोरात हिसकली वो पुडी. मला बाई भ्याच वाटलं. पोरगी म्हनत हुती, एकच हाय, माजी एकच हाय."

"एकच होती?"

"मंग? म्याच वाटत हुते की पुड्या. एकीला दोन कशा जातील माज्या हातनं?"

मालनबाई गेल्यावर ती बराच वेळ तिथंच बसून होती. लाज ही गोष्ट तिला लहानपणापासून माहीत होती, पण ती बाहेरून आलेली, दुसऱ्यांनी अंगावर टाकलेली, आणि म्हणून झटकता येणारी. तिची आई भिमाबाई, तिनं झटकायला शिकवलं होतं. भिमाबाई लहान असताना तिच्या आईबरोबर गावातल्या दारांवर उभी राहायची, दिवस मावळताना, भाकरीसाठी. वरून टाकलेली भाकरी पदरात घ्यायची. छप्पन साली धम्म घेतला आणि ते बंद झालं, म्हणजे घरच्या माणसांनी बसून ठरवून बंद केलं. त्या वर्षी घरात उपासमार झाली, पण दारात कुणी उभं राहिलं नाही. हे भिमाबाई कधी रडून सांगायची नाही. फक्त पोरांना कुणाच्या हातून काही घेऊ द्यायची नाही. ताटात वाढलं, पाट मांडला, तर बसून खायचं. हातावर घ्यायचं न्हाई. जत्रेत, लग्नात, कुठंही. यशोधराला आठवत होतं, एकदा दुकानदारानं गूळ पुढं केला आणि तिनं हात पुढं केला, तेव्हा आईनं तो हात नुसता धरून खाली केला होता. मारलं नव्हतं. आणि आता त्याच हातानं एका लेकराच्या हातातलं ओढून घेऊन, मातीत बसून, सगळ्या शाळेदेखत तोंडात कोंबलं होतं. शिक्षकखोलीत आता काय बोलत असतील ते तिला ऐकू यायचं. कुणी तसं बोललं नव्हतं, बोललं असतं असंही नाही, पण तिला ते शब्दासकट, आवाजासकट ऐकू यायचं, शेवटी त्यांच्यातलीच ना. आणि मग स्वतःचाच राग यायचा, कारण हे तर आजारानं केलं होतं. आजाराला कसली जात. उपाशी मेंदूनं हात चालवला, त्यात तिचा काय दोष.

इथवर ती स्वतःला सोडवून आणायची आणि मग अडायची. पुडी हिसकली ते आजारानं. पण मान? साखर तोंडात गेल्यावर मेंदू हळूहळू जागा होतो, हे खरं. कुणी वकील असता तर म्हणाला असता, त्या बाई पूर्ण शुद्धीवर नव्हत्या. पण आधी मुलीचं नाव आठवलं होतं. वर्ग, रांग, बाक आठवला होता. रक्त दिसलं होतं. मागे उभे पाहुणे दिसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची किळस. आणि वाबळे सरांनी जेव्हा तो प्रश्न विचारला, तेव्हा तिला त्या प्रश्नात एक दार उघडं दिसलं होतं. तिनं विचार करून मान हलवली नव्हती. पण तशी ती हललीच. घास गिळावा तशी. ती सारखी त्या क्षणाशी परत जाऊन त्यात धुकं शोधत होती, थोडं तरी, आणि तिथं लख्ख ऊन होतं.

संध्याकाळी महेंद्र यायच्या आत तिनं लूना काढली. मोनिकाचं घर मालनबाईंनी बोलता बोलता सांगितलं होतं. सावेडीच्या मागच्या अंगाला नवे बंगले होत होते, तिथल्या एका अर्धवट बांधलेल्या बंगल्याची राखण तिच्या वडिलांकडे, गोरक्षकडे होती. खालच्या मजल्यावर, दारं-खिडक्या नसलेल्या एका खोलीत, पोत्याचे पडदे लावून ते राहायचे. गोरक्ष खडीच्या टेम्पोबरोबर गेला होता. मोनिकाची आई राहीबाई विटांच्या चुलीवर भाकरी करत होती. मॅडमना बघून ती पटकन उठली, हात धुतले, एकुलती एक खुर्ची झाडून पुढे केली. बोलणं अगदी भिमाबाईसारखं, जामखेडकडचं. यशोधरा बसली नाही.

"तुमी कशाला आला, मॅडम," राहीबाई म्हणाली. "म्या समद्या शाळंसमोर आनून माफी मागायला लावते तिला. तिच्या बापाला अजून सांगितलं न्हाई. गावाकडं आमची दहा एकर कोरडवाहू जमीन हाय, पाऊस न्हाई म्हनून इथं आलो, चोऱ्या करायला न्हाई आलो. शेजारची पोर सांगत आली की दोनदा पुडी घेतली म्हनून बाईंनी हिसकली. म्या लई मारलं तिला. हातानं मारलं, मंग लाकडानं मारलं."

पोत्याच्या पडद्याआड काहीतरी हललं.

"तिनं दोन घेतल्या नव्हत्या," यशोधरा म्हणाली.

तव्यावरची भाकरी करपायला लागली, राहीबाईनं ती काढली नाही.

"मला मधुमेह आहे. साखरेचा आजार. रोज सुई घ्यावी लागते. त्या दिवशी मी धावले आणि रक्तातली साखर एकदम उतरली. तसं झालं की माणसाला आपण काय करतो ते कळत नाही. समोर गोड दिसलं आणि मी ते ओढून घेतलं. तिची एकच पुडी होती. मी तीच खाल्ली."

हे बोलून तिला हलकं वाटलं. दहा वर्षांत परक्या माणसापुढे पहिल्यांदा बोलली होती. राहीबाईच्या तोंडावर आधी काही दिसलं नाही, मग हळूहळू कणव आली. "आगं माय," ती म्हणाली. "येवढ्या तरण्या वयात सुई? मंग तुमचा तरी काय दोस, मॅडम." तिनं पडद्याकडं तोंड करून हाक मारली, "मोने, भायेर ये. बाई आजारी हुत्या बग. त्यांस्नी कळलंच न्हाई."

मोनिका बाहेर आली. मनगटाला फडकं बांधलं होतं, गालावर वळ होता. ती बाईंच्या साडीकडं बघत उभी राहिली. किती सोपं होतं तिथून निघणं. राहीबाईनं माफ केलं होतं. डोक्यावरून हात फिरवायचा, सोमवारी सरांना सांगते म्हणायचं, आणि लूनावर बसायचं.

"मोनिका," यशोधरा म्हणाली, "मला बरं नव्हतं."

मोनिकानं वर पाहिलं. "तुम्ही मान हलवली," ती म्हणाली. तक्रार केल्यासारखं नाही, वर्गात उत्तर दिल्यासारखं. "सरांनी विचारलं तेव्हा. तुम्ही माझ्याकडं बघत होत्या."

"मोने," राहीबाई दटावून म्हणाली. "त्यांस्नी सुद नव्हती सांगितलं ना."

पोत्याचा पडदा वाऱ्यानं आत-बाहेर होत होता. यशोधराला घाम फुटला होता, पण तो गरम होता, आणि हात कापत नव्हते. आत्ता रक्तात साखर पुरेशी होती. आत्ता कसलंही निमित्त नव्हतं.

"शुद्ध होती," ती म्हणाली. "पुडी घेतली तेव्हा मी आजारी होते. मान हलवली तेव्हा नव्हते. मला तू दिसत होतीस. तुझं नावही आठवत होतं. मला लाज वाटली, म्हणून मी तुला चोर होऊ दिलं."

राहीबाईच्या चेहऱ्यावरची कणव गेली. जाताना दिसली. ती खाली बसली आणि करपलेली भाकरी तव्यावरून काढून बाजूला ठेवली. मग ती चुलीकडंच बघत म्हणाली, "माज्या हातनं मारवलं तुमी तिला."

"हो."

"शाळंत सांगनार का ह्ये? का हितंच?"

"शाळेत. सोमवारी, प्रार्थनेला. सगळ्यांसमोर."

"सांगा मंग," राहीबाई म्हणाली. बसा म्हणाली नाही, चहा विचारला नाही. मोनिका पडद्याआड गेली होती.

रविवारी तिनं महेंद्रला राहिलेलं सांगितलं. तो उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला, आणि परत आला तेव्हा एवढंच म्हणाला, "मी येऊ का बरोबर?" ती नको म्हणाली. सोमवारी ती लवकर जाऊन वाबळे सरांना भेटली. सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्या दिवशी त्यांनीही पाहुण्यांसमोर हाताला लागेल ते पांघरूण ओढलं होतं. आजाराचं म्हणाल तर संस्थेला कळवावंच लागेल, ते म्हणाले. बाकीचं आपण त्या मुलीला बोलावून आतल्या आत मिटवू. मुलांसमोर शिक्षकानं असं बोलणं बरं नाही, उद्या कुणी ऐकणार नाही तुमचं. यशोधरा म्हणाली, तिला चोर सगळ्यांसमोर म्हटलंय, सर. त्या जूनमध्ये ती कायम झाली नाही. संस्थेनं डॉक्टरांचा दाखला मागितला, आणखी एक वर्ष बघू म्हटलं, आणि स्वादुपिंडाचा पाठ त्या वर्षी दुसऱ्या मॅडमनी घेतला. पण ते पुढचं.

प्रार्थना झाली. पोरं वर्गाकडं वळायच्या बेतात असताना ती माईकपाशी गेली. काय बोलायचं ते तिनं घोकलं होतं आणि तरी ते वेगळंच आलं, छोटं आलं. मोनिकानं एकच पुडी घेतली होती. ती मी हिसकली, कारण मी आजारी होते. मग मला शुद्ध आली, सरांनी विचारलं, आणि मी खोटं सांगितलं. मोनिकानं चोरी केलेली नाही. खोटं मी बोलले. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. पहिली-दुसरीची पोरं काही न कळून तिच्याकडं बघत होती. शिक्षकांच्या रांगेत कुणीतरी घसा साफ केला. तिचा चेहरा, मान, कानाच्या पाळ्या पेटल्या होत्या, आणि तरीही ती सातवी बच्या रांगेत मोनिकाचे डोळे शोधत होती. काय हवं होतं तिला, ते तिलाच कळत नव्हतं. थोडं हसू, एखादी मान, निदान एकदा इकडं बघणं.

मोनिका सापडली. फडकं बांधलेला हात छातीशी धरून ती ताठ उभी होती आणि बाईंकडं बघत नव्हती. ती आपल्या रांगेतल्या मुलींकडं बघत होती, तीन दिवस तिला चोर म्हणणाऱ्या, बाकावरून सरकून बसणाऱ्या मुलींकडं, एकेकीकडं, घाई न करता, प्रत्येकीची नजर खाली जाईपर्यंत. शेवटची मुलगी खाली बघायला लागली तेव्हा ड्रिलच्या सरांनी शिट्टी दिली. रांग वळली आणि वर्गाकडं चालू लागली. मोनिकाही वळली. मालनबाईंनी येऊन माईकची वायर गुंडाळायला घेतली, आणि यशोधरा बाजूला झाली.